अप्पा, सेल्वमचं काय?

अप्पा, काल तुमचं तेरावं झालं. आलेल्या प्रत्येकाने तुमच्या फोटोसमोर हात जोडले आणि प्रत्येक जण म्हणाला, काय शांत माणूस होता! मला आधी हसू आलं आणि मग डोकं फिरलं. शांत कसले? तुम्ही गप्प होतात. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. ठीक आहे, तुमच्याबद्दल नाही बोलत, थेट तुमच्याशीच बोलते. सासऱ्याशी भांडायची सवय मला तुम्हीच लावलीत, तेव्हा आता ऐकून घ्या. मध्येच उठून कॉफी करायला जायची सोय तुम्हाला राहिलेली नाही.

मी मिरजेची. श्रीधरशी लग्न करून मैलापूरच्या या घरात आले तेव्हा तुम्ही मुलांशी तमिळच बोलत होतात आणि सासूबाईंशी, म्हणजे अम्मांशीही निम्मंअधिक तमिळ. तंजावरहून आलेली तुमची जुनी मराठी सणावारापुरती आणि देवापुढे म्हणण्यापुरती उरली होती. मला तमिळचा एक शब्द येत नव्हता. दुसऱ्याच दिवशी सकाळी तुम्ही स्टीलचा पेला घेऊन माझ्यासमोर उभे राहिलात आणि विचारलंत, "काप्पी जाली कां?" मी फिस्सकन हसले. नवी सून सासऱ्याला हसते म्हटल्यावर श्रीधरचा चेहरा पार उतरला. तुम्ही मात्र म्हणालात, "हंस, हंस. आमची मराठी इकडे आली ती परत गेलीच नाही. तिला काय ठाऊक तिकडे काय चाललें." त्या दिवसापासून तुम्ही माझ्याशी मराठीतच बोललात. शब्द अडला की कपाळाला हात लावून थांबायचात, आठवून आठवून काढायचात, नाहीच सापडला तर तमिळ शब्दाला मराठी शेपूट लावून मोकळे व्हायचात. परक्या गावात आलेल्या मुलीला घरी बोलायला कोणी तरी हवं, एवढ्यासाठी तुम्ही म्हातारपणी हा खटाटोप केलात. हे मी कधी विसरणार नाही, अप्पा. आणि म्हणूनच तुमचा राग जास्त येतो. दगडाच्या माणसावर कोण एवढं चिडेल?

तुमची सगळी नोकरी सरकारच्या दारू खात्यात गेली. आपल्याकडे दारूची दुकानं सरकारच चालवतं आणि त्याच दुकानाच्या भिंतीवर, दारू घर बुडवते, असंही सरकारच लिहितं. मी तुम्हाला चिडवायचे, "अप्पा, बाटलीही तुमचीच आणि बाटलीवरचा उपदेशही तुमचाच!" तुम्ही हसायचात, पण ते तुम्हाला लागायचं. निवृत्त झाल्यावर तुम्ही त्याची भरपाई करायला निघालात. मी ज्या कारखान्यात डॉक्टर आहे त्याच्या बसथांब्याला लागून दारूचं दुकान होतं. शिफ्ट संपवून उतरलेला माणूस घराकडे वळायच्या आधी त्या दारातूनच जायचा. ते दुकान तिथून हलवायला तुम्ही कलेक्टर ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्यात. मी म्हणाले होते, "दुकान हलवून डोंबल काही होणार नाही, पिणारा चालत जाईल." दुकान हललं आणि सोमवारी सकाळी माझ्या दवाखान्यासमोर हात थरथरत बसणारी माणसं खरंच कमी झाली. तेव्हा तुम्ही बरोबर होतात. हे मी तुम्हाला त्याच आठवड्यात सांगितलं होतं, जेवताना, सगळ्यांसमोर. चूक कबूल करायला मला जड जात नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं.

श्रीपेरुंबुदूरचा हा कारखाना गाड्यांचे सुटे भाग बनवतो. त्याच कारखान्याने व्यसनमुक्ती समिती काढली आणि अध्यक्ष म्हणून तुम्हाला बोलावलं. सून आणि सासरा एका ठिकाणी, म्हणून मी खूश होते. वेडी मी! मला वाटलं, आता घरातली भांडणं कामाला येतील.

तुमच्या डोक्यात एक कल्पना बसली होती आणि ती कुठून आली हे मला माहीत आहे. दर वर्षी कार्तिकात इथली माणसं गळ्यात माळ घालतात, काळी वस्त्रं नेसतात आणि अय्यप्पाच्या डोंगरावर जायचं व्रत धरतात. व्रत असेपर्यंत दारू बंद, मांस बंद, चप्पलसुद्धा बंद. आणि त्या काळात त्याला कोणी नावाने हाक मारत नाही. सगळे त्याला 'सामी' म्हणतात. बायको, मुलं, रिक्षावाला, अगदी कारखान्यातला सुपरवायझरसुद्धा. कालपर्यंत ज्याला शिव्या घातल्या त्यालाच आज "सामी, जरा तो पार्ट उचलता का?" तुम्ही हे वर्षानुवर्षं बघितलं होतं. एरवी रोज झिंगणारा माणूस माळ घातली की ताठ चालतो. तुम्ही मला म्हणालात, "माणसास मान द्या, तो आपसुक सोडतो. औषध कशास पाहिजे?"

त्यातला अर्धा भाग इतका खरा होता की मला वाद घालणं अवघड गेलं. कारखान्याच्या दाराशी पिल्लैयारचं, म्हणजे गणपतीचं छोटं देऊळ आहे, तिथे तुम्ही दोरा बांधायची प्रथा सुरू केलीत. हळदीत बुडवलेला दोरा, मनगटावर बांधायचा, त्याला काप्पु म्हणतात. बसमध्ये चढताना दारू ओळखणाऱ्या यंत्रात फुंकायचं आणि ज्याच्या वेळी ते वाजलं त्याने काप्पु बांधून घ्यायचा. मग त्यालाही सगळ्यांनी 'सामी' म्हणायचं. पहिल्या दिवशी तुम्ही एका म्हाताऱ्या वेल्डरला वाकून "वांगो, सामी", या सामी, म्हणालात आणि तो माणूस रडला. तेव्हा माझेही डोळे भरले होते, खोटं कशाला बोलू? पण नियमाला पुढचं वाक्य होतं. काप्पु बांधल्यानंतर यंत्र एकदा जरी वाजलं तर व्रत मोडलं, आणि व्रत मोडणाऱ्याला कामावर जागा नाही.

अप्पा, इतकी साधी गोष्ट तुम्हाला दिसली कशी नाही? कार्तिकात माळ कोण घालतो? ज्याला माहीत असतं की आपल्याला इतके दिवस निभावता येईल, तो. ज्याला सकाळी उठल्यावर दोन घोट घेतल्याशिवाय ब्रशसुद्धा धरता येत नाही, तो माळ घालतच नाही. तो त्या महिन्यात गल्लीच्या दुसऱ्या टोकाने जातो, म्हणजे सामी लोकांशी गाठ पडायला नको. तुम्ही आयुष्यभर फक्त माळ घातलेले बघितलेत आणि धरून चाललात की माळेमुळे दारू सुटते. न घातलेल्यांना कधी विचारलंच नाहीत. आणि मग नियम केलात तो नेमका त्या न घालणाऱ्यांसाठी! त्यांना धरून आणलंत, दोरा बांधलात आणि म्हणालात, आजपासून एकदम बंद.

एकदम बंद केल्यावर काय होतं हे मी तुम्हाला जेवणाच्या टेबलावर किती वेळा सांगितलं. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने अचानक थांबवलं की हात कापतात, घाम फुटतो, झटके येतात, भिंतीवर नसलेले किडे दिसतात आणि एखादा त्यात मरतोही. त्याला गोळ्या द्याव्या लागतात, दवाखान्यात ठेवावं लागतं, टप्प्याटप्प्याने उतरवावं लागतं. आणि इतकं करूनही माणूस पुन्हा घसरतो, मग पुन्हा उचलावा लागतो. मी म्हणायचे, त्याला आजारपणाची रजा द्या, औषध द्या, यंत्र वाजलं तर मशीनवर उभं करू नका, पण माझ्याकडे पाठवा, घरी पाठवू नका. तुम्ही ताटातली डांगर पचडी चिवडत म्हणायचात, "म्हणजे पिण्यास परवानगी." परवानगी, परवानगी! सगळा जन्म परवान्यांच्या खात्यात गेला, तुम्हाला दुसरं काय सुचणार?

आणि मग सेल्वम.

कारखान्याच्या रंगखात्यातला सेल्वम, ज्याने माझ्या मुलीच्या बारशाला लाकडी घोडा करून आणला होता, तो. यंत्र वाजलं, त्याने मुकाट्याने हात पुढे केला, तुम्ही स्वतः दोरा बांधलात. त्याने तुमचा शब्द अक्षरशः पाळला, अप्पा. त्या दिवसापासून थेंब घेतला नाही. आणि तिसऱ्या सकाळी कंपनीच्या बसमध्ये त्याला झटका आला. जीभ चावली गेली, शर्ट रक्ताने भरला, ड्रायव्हरने बस सरळ माझ्या दारात आणली. मी त्याला हॉस्पिटलात पाठवलं, तिथे तो वाचला. घरी आला तरी हात थांबेनात. गोळ्या संपल्या, दुसऱ्या आणायला तो लाजला, कारण काप्पु बांधलेल्या माणसाने औषध मागायचं म्हणजे व्रत कच्चं. त्याने थरथर थांबण्यापुरती थोडी घेतली. दुसऱ्या दिवशी यंत्र वाजलं. ज्या माणसाने तुमचं ऐकून जीव धोक्यात घातला, त्याला तुमच्या नियमाने व्रत मोडलेला म्हणून बाहेर काढलं.

त्याची बायको विजया आपल्या घरी आली होती. तुम्ही तिला आत बोलावलंत, तिच्यासाठी स्वतः डिकॉक्शन काढून कॉफी केलीत, पेल्यातून वाटीत ओतून निववून दिलीत. ती रडत होती आणि तुम्ही तिला "सगळं नीट होईल, पोरी" म्हणत होतात. मी दारात उभी राहून बघत होते. मला वाटलं, सुटला सेल्वम. आणि त्याच आठवड्यात त्याला कामावर परत घ्यायचा अर्ज समितीच्या बैठकीत आला, तेव्हा तुम्ही त्याच्या विरुद्ध हात वर केलात! मी समोर बसले होते. तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, पंख्याकडे बघत हात वर केलात.

त्या संध्याकाळी मी तुम्हाला सोडलं नाही. अम्मा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी छोटे कांदे सोलत बसल्या होत्या. आणि तुमच्या मिशीला मैसूरपाकाचा चुरा लागला होता. दहा वेळा बजावूनही तुम्ही तो कोपऱ्यावरच्या दुकानातून आणून खात होतात, साखर किती वाढली होती ते मला ठाऊक, इन्सुलिन मीच देत होते. मी विचारलं, "अप्पा, गेल्या महिन्यात तुमची साखर वाढली तेव्हा मी तुम्हाला घराबाहेर काढलं का? 'शपथ मोडलीत, आता इन्सुलिन बंद' म्हटलं का?" मी पुढे म्हणाले, "तुम्ही रोज घसरता आणि मी रोज डोस बदलते. सेल्वम एकदा घसरला तर त्याला नोकरी नाही? का? तुम्ही मैलापूरच्या घरात खाता आणि तो गुत्त्यावर पितो म्हणून?"

तुम्ही मिशी पुसलीत. बराच वेळ पुसत होतात. मग हळू म्हणालात, "तूं म्हणतेस तें बरोबर. नियम चुकला." मला आठवतंय, माझ्या अंगातला सगळा राग एका क्षणात गेला. मी म्हणाले, मग हे समितीत सांगा. तुम्ही म्हणालात, "सांगतों. सेल्वमचा अर्ज पुन्हा येऊ दे, सांगतों." अर्ज आला. तुम्ही म्हणालात, या वेळी बाहेरचे पाहुणे आहेत, पुढच्या वेळी. पुढची वेळ आली, तुमची तब्येत बरी नव्हती. त्याच्या पुढची ठरली, आणि ती यायच्या आत तुम्ही सकाळी कॉफी घेऊन झोपाळ्यावर बसलात ते बसलातच. गेलात! जाताना तरी एक शब्द समितीत टाकून जायचं होतं. टेबलावर तुम्ही माझे आणि खुर्चीत बसलात की त्यांचे. असा कसा हो माणूस तुम्ही?

तुम्हाला हलवून जागं करत होते तेव्हा माझ्या तोंडून काय निघालं माहीत आहे? "अप्पा, सेल्वमचं काय?" श्रीधरला वाटलं मला भ्रम झाला. मी डॉक्टर आहे, हात लावल्यालावल्या मला कळलं होतं. तरी मी तेच विचारत होते, आणि रडत होते, आणि तुम्हाला मनातल्या मनात शिव्या देत होते.

आता कालचं ऐका. जेवणं चालली होती. कारखान्याचे वेल्फेअर ऑफिसर नटराजन सर आले होते, पानावर बसले होते. वडा मोडता मोडता त्यांनी जाहीर केलं की काप्पुच्या कार्यक्रमाला आता तुमचं नाव द्यायचं ठरलंय. पहिला दोरा श्रीधरच्या हाताने. सगळे हळहळले, माना डोलल्या. मी विचारलं, "आणि सेल्वमचा अर्ज? परवाच्या बैठकीत आहे ना?" ते म्हणाले, "डॉक्टरम्मा, वाईट वाटतं. पण नियम सरांचा आहे. सर जाऊन महिनाही झाला नाही, आत्ता तो मोडला तर सरांचा अपमान होईल."

बघितलंत? जिवंत होतात तेव्हा नियम निदान तुम्ही बदलू शकत होतात. आता तुम्ही मेलात म्हणून तो अमर झाला. मी हातातलं भांडं खाली ठेवलं आणि म्हणाले, "नियम चुकला असं सरांनी स्वतः मला सांगितलंय." श्रीधर पुटपुटला, "आज नको ग." नटराजन सर खूप सभ्यपणे म्हणाले, "मॅडम, मी प्रत्येक बैठकीत सरांच्या शेजारी बसलोय. सर असं कधी म्हणाले नाहीत." पंगत थांबली. सगळे माझ्याकडे बघत होते, मिरजेहून आलेली भांडखोर सून, मेलेल्या सासऱ्याच्या तोंडी शब्द घालणारी. आणि माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. तुम्ही मला तिथे तसं एकटं उभं केलंत, अप्पा. त्या क्षणी तुमच्या फोटोवरचा हार ओढून काढावासा वाटला मला.

तेवढ्यात अम्मा. तुम्ही गेल्यापासून त्या चार शब्दांवर पाचवा बोलल्या नव्हत्या. भिंतीला टेकून बसल्या होत्या, तिथूनच म्हणाल्या, "सोन्नारु." म्हणाले होते. नटराजन सरांचा घास हातातच राहिला. अम्मा तमिळमध्ये बोलत राहिल्या, म्हणजे पंगतीतल्या शेवटच्या माणसालाही समजावं. "माझ्यासमोर म्हणाले. मी कांदे सोलत होते. नियम चुकला म्हणाले. सुनेला म्हणाले, बैठकीत सांगतो. मग ती गेल्यावर मला म्हणाले, सगळ्यांसमोर माझा नियम खोटा म्हणायला मला लाज वाटते. त्या पोराच्या बायकोला कॉफी देतानाही वाटली म्हणाले. त्यानंतर नीट झोपले नाहीत."

लाज वाटत होती तुम्हाला! आणि हे तुम्ही मला सांगितलं नाहीत? मी तुम्हाला निर्ढावलेला समजत होते, पंख्याकडे बघणारा सरकारी माणूस समजत होते, आणि तुम्ही आतल्या खोलीत झोपेवाचून तळमळत होतात? अहो, मला एकदा म्हणाला असतात, तर मी तुमचा हात धरून त्या बैठकीत नेलं असतं. तुमच्याऐवजी मी बोलले असते, तुम्ही नुसती मान हलवायची होती. सेल्वमने हातांची थरथर लपवली आणि तुम्ही तुमचं दुखणं लपवलंत. दोघांनाही एकाच गोष्टीची भीती, लोक काय म्हणतील. त्याचं मी समजू शकते, त्याची नोकरी जात होती. तुमचं काय जात होतं? माझा राग यामुळे कमी झालेला नाही, उलट त्यात आता रडू मिसळलंय आणि ते मला मुळीच आवडलेलं नाही.

नटराजन सर हात धुऊन अम्मांसमोर येऊन बसले. म्हणाले, हे समितीत कोणी सांगितलं तर मी अडवणार नाही. पण सांगणारं माणूस पाहिजे. अम्मा म्हणाल्या, "मी येते." तुमच्या धाकट्या बहिणीने लगेच सुरू केलं, वर्ष व्हायच्या आत बाईने बाहेर पडायचं नसतं, लोक काय म्हणतील. अम्मांनी तिला पुढे बोलूच दिलं नाही. "पोदुम," म्हणाल्या. पुरे. आयुष्यभर तुमच्या मागे दोन पावलं चाललेली बाई, अप्पा! आणि कार्यक्रमाला तुमचं नाव द्यायचं नाही हेही त्यांनीच सांगितलं. आधी नियम नीट करा, मग नाव द्या म्हणाल्या.

उद्या बैठक आहे. विजया फाटकाशी थांबणार आहे, सेल्वमला घेऊन. अम्मांनी आत्ताच पेटीतून साडी काढून ठेवली आणि मला विचारलं की तिथे माइक असतो का. मी म्हणाले असतो, तर म्हणाल्या, नको, मी मोठ्याने बोलेन. काय होईल मला माहीत नाही. समितीतली निम्मी माणसं अजून म्हणतील, औषध म्हणजे परवानगी. पण सरांचा अपमान होईल, असं आता कुणाला म्हणता येणार नाही. नियम बदलायची तेवढी एक वाट तुम्ही जाताना बंद केली होतीत आणि अम्मांनी ती उघडली.

सकाळी निघायच्या आधी तुमच्या फोटोपुढे काप्पी ठेवीन. बिनसाखरेची. ती घ्या आणि गप्प बसा, ते तुम्हाला चांगलं जमतं. बोलायला आम्ही दोघी चाललो आहोत.